ओटा नंतर पाहू, आधी शाळेचं फाटक

ऐकलंत का? आमच्या बी विंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मध्यंतरी एक जोडपं बघायला आलं. एजंटने दार उघडलं, दिवे लावले, "ताई, किचन बघा केवढं आहे" म्हणून ओट्याकडे हात केला. बाईंनी ओट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही! पाणी किती वाजता येतं, विचारलं नाही. शेजार कसा आहे, विचारलं नाही. (शेजार म्हणजे मी. दारातच उभी होते.) सरळ गॅलरीत गेल्या, वाकून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते का हो?"

मी गार.

सोमवारी सकाळी पावणेआठला मंडळी पुन्हा हजर. नवऱ्याच्या पाठीला लॅपटॉपची बॅग, बायकोच्या हाताला तीन वर्षांचं पोर. गेटपाशी दोघांनी आपापल्या मोबाइलवर घड्याळ लावलं, "चल, सुटलो" म्हणून तो तरातरा स्टेशनकडे निघाला आणि ही शाळेकडे. वॉचमनला वाटलं, भांडण झालं. पोराला कडेवर घ्यायचं नाही असं ठरलेलं असावं, कारण त्याने वाटेत मांजर पाहिलं, चप्पल काढली, परत घातली आणि इडलीवाल्यापाशी बसकणही मारली, तरी बाई शांत. शाळेच्या फाटकाला हात लावून त्यांनी मोबाइलमध्ये नोंद केली, "मांजरासकट १४." हे मला कसं कळलं म्हणता? मी दूध आणायला निघाले होते. दूधवाला त्याच रस्त्यावर आहे, तो काय माझा दोष?

आणि गुरुवारी धो धो पावसात तिसरी खेप! पाणी कुठे तुंबतं ते पाहायला! अहो, आमच्या वेळी मुलगी पसंत करायलासुद्धा लोक इतक्यांदा येत नसत. एकदा पोहे खाल्ले की काय तो निकाल लागायचा.

बरं, हे एकटंच जोडपं बिघडलेलं आहे म्हणावं, तर तसंही नाही. आमच्या भिशीत पूर्वी लोणच्याचं प्रमाण फिरायचं, आता एक्सेलची शीट फिरते. उभे रकाने उपनगरांचे: मुलुंड, ठाणे, डोंबिवली, ऐरोली, बोरिवली, विरार. आडवे रकाने शाळा कोणत्या बोर्डाची, फी किती, व्हॅनला किती वेळ, फास्ट थांबते का, थांबली तर चढता येतं का. शेवटचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत हे डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही. आता तर म्हणे लग्न जमवतानाही पत्रिकेआधी "सेंट्रल की वेस्टर्न?" असं विचारतात. मंगळ चालतो, पण मुलगा मीरा रोडचा आणि मुलीची नोकरी ठाण्याची असेल तर गुण जुळत नाहीत.

मुलुंड आणि ठाण्याचं तर विचारूच नका. मध्ये चेकनाका. अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे. पिनकोड दोन्हीकडे चारशेनेच सुरू होतो, फोनचा कोड दोन्हीकडे ०२२, पण मुलुंडचा माणूस "आम्ही मुंबईत राहतो" हे वाक्य असं उच्चारतो, जणू नरिमन पॉइंटला त्याच्या गॅलरीतून समुद्र दिसतो. त्यात इतकी वर्षं टोलनाका होता, म्हणजे शीटमध्ये "टोल वाचतो" असा एक हक्काचा गुण मुलुंडला मिळायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला आणि आमचा तो गुण गेला. ठाणेकरांनी पेढे वाटले नाहीत एवढंच. त्यांच्याशी वाद घालायला जावं तर ते थेट १६ एप्रिल १८५३ काढतात. पहिली आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला आली, मुलुंडला नव्हे! चौदा डबे, तीन इंजिनं, चारशे पाहुणे. ठाणेकर अजून त्या गाडीतून उतरलेले नाहीत. मला मात्र त्या चारशे पाहुण्यांचा हेवा वाटतो. हल्ली सकाळी डोंबिवलीहून येणाऱ्या एकेका डब्यातच जवळजवळ तेवढे पाहुणे असतात आणि त्यांच्यासाठी बँड वाजत नाही.

आमच्या ए विंगमध्ये एक निवृत्त मास्तर आहेत. संध्याकाळी कट्ट्यावर मी हा सगळा अनाचार त्यांच्या कानावर घातला, वाटलं, हे तरी कपाळाला हात लावतील. तर ते म्हणाले, "वहिनी, हे वेड जुनंच आहे." म्हणे १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हासुद्धा गिरगावातली माणसं आधी हेच विचारत होती की एवढ्या लांब जाऊन मुलांनी शिकायचं कुठे. पार्ल्यात टिळक विद्यालय निघालं १९२१ मध्ये, आणि शाळा आहे म्हटल्यावर मराठी बिऱ्हाडं तिकडे सरकायला कां कूं करेनाशी झाली. १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि मग उपनगरात राहून फोर्टात कारकुनी करणं हे धाडस राहिलं नाही. "शाळा आणि गाडी," मास्तर बोटं दुमडत म्हणाले, "पहिल्यापासून उपनगर ह्या दोन खांबांवरच उभं आहे."

असेल बाई. पण माझ्या वडिलांनी गिरगावातली चाळ सोडून डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या, तेव्हा त्यांनी काय काय पाहिलं ते मला माहीत आहे. विहिरीला पाणी आहे का आणि ऑफिसची गाडी कितीची आहे. शाळा? गल्लीच्या टोकाला जी होती तिच्यात आमचं नाव घातलं. शाळेचं नाव काय, हे त्यांना गणवेशाचं कापड घेताना दुकानदाराने विचारलं तेव्हा कळलं. आम्ही तिघं भावंडं शिकलो, नोकऱ्याही लागल्या. ही हकिगत मी भिशीत सांगितली की मुली माझ्याकडे अशा पाहतात, जणू आम्हाला लांडग्यांनी वाढवलं.

आता बोर्डाची गंमत ऐका. एसएससी, सीबीएसई, आयसीएसई, आयबी, आयजीसीएसई. पूर्वी एवढी अक्षरं डॉक्टरच्या पाटीवरसुद्धा नसायची. नवरा बदलीच्या नोकरीत असेल तर सीबीएसई, हे मला पटतं. दिल्लीला गेलं तरी पुस्तकं तीच. पण ज्यांची उभ्या जन्मात भांडुपच्या पुढे बदली झाली नाही, तेही "उद्या सांगता येत नाही" म्हणतात. आणि मराठी माध्यमाचा कैवार घेणाऱ्या आमच्या समोरच्या बाई! गणेशोत्सवात माइक हातात आला की "आपली भाषा, आपल्या शाळा" म्हणून डोळ्यांतून पाणी काढतात. नातू कुठे आहे माहितीय? आयबीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "अहो, सुनेच्या हट्टापुढे काय करणार?" सून म्हणते, सासूबाईंनीच फॉर्म आणला. खरं-खोटं देव जाणे, फॉर्मच्या रांगेत मी उभी नव्हते. मध्यममार्गी लोक सेमी इंग्लिश निवडतात, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचं मराठीत. माझं विचाराल तर त्यात काही वाईट नाही, पण भिशीत सेमीचं नाव जरा दबक्या आवाजातच घेतात, चाळीस टक्क्यांनी पास झाल्यासारखं.

वयाचा हिशेब तर बाळंतपणाआधीपासून. आपल्याकडे ३१ डिसेंबरला तीन पूर्ण असतील तर नर्सरी, सहा पूर्ण असतील तर पहिली. त्यामुळे एक जानेवारीला जन्मलेलं मूल म्हणजे एका रात्रीत वर्ष गेलं. आमच्या ओळखीतल्या एकीची तारीख नेमकी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली होती. तिच्या सासूने डॉक्टरांना काय काय सुचवून पाहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बरं, शाळा ठरली, घर ठरलं, गाडी ठरली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने काय केलं? चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा निर्णय काढला. पोरांची झोप होत नाही म्हणून. कारण चांगलंच आहे, सात वाजता डुलक्या घेत व्हॅनमध्ये बसणारी ती गोणपाटं मी रोज पाहायची. पण घराघरातलं गणित कोसळलं ना! साडेसहाला पोराला उठवायचं, सातला फाटकात सोडायचं, आठची लोकल धरायची, ही एक माळ होती. तिच्यातला एक मणी दोन तास पुढे सरकला. पोराला नऊला सोडायचं आणि आईने साडेनऊला फोर्टात हजेरी लावायची. मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तीसेक किलोमीटर, स्लोने तासभर. तेव्हा ही कसरत जमवायला आईने एकतर नोकरी सोडायची किंवा उडायला शिकायचं. शाळा लवकर भरते की उशिरा, असा एक नवा रकाना शीटमध्ये वाढला तो त्या दिवसापासून.

आणि आता जी गोष्ट सांगते ती तुमच्या-माझ्यात. बलून माहितीय? वाढदिवसाचा नव्हे. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराच्या जागी तो बलून नेऊन ठेवावा लागतो. एक किलोमीटरच्या आतली शाळा असेल तर आधी नंबर, मग तीनपर्यंतची. अंतर हवाई. त्यामुळे नकाशात शाळा सहाशे मीटरवर दिसते, पण मध्ये रेल्वेचे रूळ. पूल चढून, उतरून, फेरीवाल्यांतून वाट काढत जायला वीस मिनिटं. पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी राष्ट्रं आहेत हे त्या नकाशाला कुणी सांगितलेलंच नाही. ही सोय गरिबाच्या पोरासाठी, वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी. माझ्याकडे धुणंभांडी करते तिच्या मुलीला असा प्रवेश मिळाला, तेव्हा मी साखर वाटली. पण गाडीची चावी बोटात फिरवत "काकू, तुमच्या पत्त्यावर अकरा महिन्यांचा भाडेकरार करू या का, नुसता कागदावर?" असं विचारणारा गृहस्थही माझ्याच सोफ्यावर बसून गेला. त्याला मी चहासुद्धा दिला नाही. म्हणजे दिला, पण साखर कमी घातली.

बिल्डर लोक तर ह्या वेडावर पोळी भाजून घेतातच. जाहिरातीत "स्टेशन ५ मिनिटे, नामांकित शाळा ३ मिनिटे". कोणाची मिनिटं? मी एकदा त्या पाच मिनिटांच्या संकुलातून सकाळी साडेआठला रिक्षाने निघाले, तर स्टेशन येईपर्यंत माझा एक अख्खा जप झाला. ती पाच मिनिटं बहुधा पहाटे तीनला, मोटारसायकलवरून, सिग्नल मोडून मोजलेली असावीत. शिवाय "येऊ घातलेली मेट्रो" असतेच. आमच्या एलबीएस रोडवर वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हा शेजारचं पोर बालवाडीत होतं. आता ते माझ्यापेक्षा उंच आहे. आई-बाप खांब आणि पोर एकदमच मोजत आले. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा घाटकोपरचा भाव कसा चढला ते लोकांनी पाहिलंय, आणि आरे ते कफ परेड अशी साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली, तेव्हापासून तर ज्याच्या घराखालून काहीच जात नाही त्याला चुकल्यासारखं वाटतं.

माझी भाची न्यू जर्सीत, एडिसनला. तिला फोनवर मी म्हटलं, "बाई, इकडे लोक शाळा बघून घर घेतात." तर ती हसली. "मावशी, इथे दुसरं काही बघतच नाहीत." तिकडे सरकारी शाळा पत्त्यावर ठरते. अमुक रस्त्याच्या ह्या अंगाला घर असेल तर ही शाळा, पलीकडच्या अंगाला असेल तर ती. म्हणून चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर महाग, आणि नवऱ्याला न्यू यॉर्कची गाडी धरायला मेट्रोपार्क स्टेशन जवळ हवं ते वेगळंच. म्हणजे रोग तोच. पण तिचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: "इथे निदान पत्ता बदलला की प्रवेश नक्की असतो." आपल्याकडे बघा. घर विकायचं, भाड्याने राहायचं, देव पाण्यात ठेवायचे, आणि मग शाळा म्हणणार, यादीत नाव नाही. आमच्या खालचं कुटुंब स्वतःचा बदलापूरचा फ्लॅट भाड्याने देऊन इथे दुप्पट भाडं भरत राहिलं; ज्या शाळेसाठी आलं तिच्यात नंबर लागला नाही, आणि मुलगा आता व्हॅनने ठाण्याला जातो. रोज. उलट दिशेने. हसू नका, बिचारी चांगली माणसं आहेत.

आता मुद्द्याचं. भिशीतल्या तीन-चार शीट मी चष्मा लावून नीट पाहिल्या. "ऑफिसचा प्रवास" असा रकाना सगळ्यांत आहे. त्याखाली नवऱ्याचं ऑफिस. बायकोचं ऑफिस कुठे, तर "नंतर बघू", नाहीतर "शाळेजवळ काहीतरी पार्ट टाइम". एकीने तर आपल्या फोर्टातल्या नोकरीसमोर नुसती आडवी रेघ मारलीय! लेडीज डब्यात तीस वर्षं भाज्या निवडत, चौथ्या सीटवर अर्धी टेकून प्रवास केलेली बाई आहे मी. सकाळी ठाण्यापर्यंत उलटं जाऊन बसायला जागा मिळवलेली. मला ती रेघ बघवली नाही. नवऱ्याची वीस मिनिटं वाचावीत म्हणून अख्खं बिऱ्हाड हलतं, आणि बाईची नोकरी मात्र माळ्यावरच्या पेटीसारखी, पुढच्या घरी नेऊ की टाकून देऊ, हे टेम्पो आल्यावर ठरवायचं. हे मी भिशीत बोलून दाखवलं. दोघी-तिघींनी मान हलवली, एकीने विषय बदलून ढोकळा पुढे केला.

तर अशी सगळी टवाळी करून मी गेल्या रविवारी दुपारी जरा आडवी झाले, आणि मोबाइल वाजला. फॅमिली ग्रुपवर माझ्या चिरंजिवांचा मेसेज. तो, सून आणि नात सध्या घोडबंदर रोडला, पोहण्याच्या तलावाच्या संकुलात. मेसेजमध्ये एक फाइल. नाव: "घर फायनल ३".

एक आणि दोन कुठे गेल्या, ते मला कुणी सांगितलं नाही.

उघडली. मुलुंड पूर्व, ऐरोली, डोंबिवली आणि "आहे तिथेच". त्याचं ऑफिस बीकेसीत, त्यासमोर "कुर्ला + शेअर रिक्षा" वगैरे. आधी सुनेचा रकाना शोधला. होता! तिचं फोर्ट, तिची गाडी, तिची मिनिटं, आणि रकाना त्याच्याइतकाच रुंद. मला बरं वाटलं. म्हटलं, आपण इतकं काही वाईट वाढवलं नाही. तेवढ्यात नजर उजवीकडे गेली. शेवटचा रकाना, "सपोर्ट". मुलुंडसमोर लिहिलेलं: "आई. वय ६४. डावा गुडघा. लिफ्ट सारखी बंद. दुपारी झोपते. ६/१०." ऐरोलीसमोर: "सासूबाई. ६१. लिफ्ट दोन. योगा करतात. ८/१०."

दहा सेकंदांत मेसेज पुसला गेला. पण मी डोंबिवलीत वाढलेली आहे, दहा सेकंदांत मी चालत्या गाडीत खिडकीची जागा पाहून ठेवत असे.

व्याहीणबाई योगा करतात! त्या योगा करतात ते मी पाहिलंय. शवासनात त्यांचा हात कोणी धरणार नाही. आणि दुपारी झोपते म्हणजे काय, पाठ टेकते. नर्सरी साडेबाराला सुटते, मी टेकते दीडला. साधी चौकशी करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि निघाले. दूधवाल्याच्या रस्त्यानेच. शाळेच्या फाटकाला हात लावला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती, आणि त्यात भाजीवालीशी दोन शब्द धरलेले आहेत. परत येताना बी विंगची ती बाई भेटली, करार झाला म्हणे त्यांचा. माझ्या हातातला मोबाइल आणि त्यावरचं पळतं घड्याळ तिने पाहिलं. काही बोलली नाही. नुसती हसून म्हणाली, "मांजर भेटलं का काकू?"

सेक्रेटरींना लिफ्टबद्दल पत्र दिलंय. आता भिशीचा तेवढा प्रश्न आहे. ती गुरुवारी नेमकी साडेबाराला असते. दहाची करता येते का, उद्या विचारते.